माका विषारी नव्हता

गाईच्या हिरड्या तपकिरी होत्या. निरोगी गाईच्या गुलाबी असतात, रक्त कमी झालं की पांढऱ्या पडतात. तपकिरी दिसल्या की समजायचं, हातात वेळ नाही. गाय आडवी पडून धापा टाकत होती. गोठ्याच्या दारात दुसरी मरून पडली होती, तिच्यावर गोणपाट टाकलं होतं.

"मॅडम, एक गेली," रूथबाई म्हणाल्या. "ही गाभण हाय. हिला तरी वाचवा."

मी राहाता तालुक्यात सरकारी पशुवैद्यक आहे. रूथबाई आणि त्यांचे मालक शांतवन यांच्याकडे या दोनच गाई. शांतवन दुसऱ्यांच्या उसात फवारणीच्या कामाला जातात. घर चालतं ते दुधावर.

"काय घातलं होतं खायला?"

"माका. घास वाळला, उसाचं वाढं संपलं. दुसरं काय घालनार?"

दूध डेअरीचे चेअरमन माझ्या आधीच येऊन उभे होते. ते लगेच म्हणाले, "बघा! मी कवाचा सांगतोय, रानटी पाला जनावराला घालू नका. ऐकतंय कोन?"

मी म्हटलं, "अण्णा, जरा बाजूला व्हा, उजेड येऊ द्या."

शिरेतून रक्त काढलं. लाल नव्हतं, कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. ही नायट्रेटची विषबाधा. नायट्रेट म्हणजे युरियासारख्या खतातून झाडात जाणारा नत्राचा क्षार. थोडा असला तर काही बिघडत नाही. झाडात तो खूप साठला आणि जनावराने ते भरपूर खाल्लं, तर रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. गाय श्वास घेत असते आणि आतून गुदमरत असते. यावर मिथिलीन ब्लू नावाचं निळं इंजेक्शन आहे. आमच्या दवाखान्याच्या कपाटात ते नसतं, कारण मागणी केली की उत्तर येतं, 'उपलब्ध नाही'. मी माझं स्वतःचं बॅगेत ठेवते. त्या दिवशी तेच उपयोगी पडलं. हळूहळू शिरेतून सोडलं. रूथबाईंनी गाईचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि त्या पुटपुटत प्रार्थना करत होत्या. धाप कमी झाली. हिरड्यांवर रंग यायला लागला, तेव्हा कुठे मी पाठ सरळ केली.

आता प्रश्न माक्याचा. पाटाच्या झिरप्याने जमीन चिबड झाली, म्हणजे बारमाही ओली राहायला लागली, की तिथे माका आपोआप माजतो. बटणाएवढं पांढरं फूल, पान चुरगाळलं की बोटं काळी. बायका त्याचं तेल डोक्याला लावतात, काविळीला रस देतात, आणि चारा तुटला की भारा कापून आणतात. रूथबाईंच्या सासूबाईसुद्धा तिथूनच कापायच्या. इतकी वर्षं जनावरं खात आली आणि आजच मरायला काय झालं? माझ्याजवळ तपासणीची एक छोटी बाटली असते. कापलेल्या देठावर थेंब टाकायचा, नायट्रेट असलं तर निळं होतं. गव्हाणीतल्या माक्यावर थेंब टाकला. देठ शाईत बुडवल्यासारखा झाला.

"ही जागा दाखवा मला," मी म्हटलं.

पाटाच्या कडेला गेलो. माका हिरवागार होता, पण शेंडे पिळवटलेले, पानं वाटीसारखी वळलेली. हे मी उसात शंभरदा पाहिलंय. टू-फोर-डी! उसातलं रुंद पानाचं तण मारायचं औषध. ते मारलं की झाड लगेच मरत नाही. काही दिवस हिरवंच राहतं, वेडंवाकडं वाढतं, आतलं नायट्रेट वाढतं आणि जनावराला ते जास्त गोड लागतं. गाई तुटून पडतात त्याच्यावर.

"इथे तणनाशक कोणी मारलं?" मी विचारलं.

चेअरमन पाटाच्या पाण्याकडे बघायला लागले. शांतवन मागे उभे होते. ते पुढे आले, आणि त्यांचा चेहरा बघूनच मला कळलं.

"मी मारलं," ते म्हणाले. "अण्णांच्या उसात मारत हुतो. पंपात थोडं उरलं. अण्णा म्हनले, फेकू नको, पाटाच्या कडंला मार, माका पान्याच्या मोटारीच्या फुटव्हॉल्व्हला आडकतोय. मारलं. औंदा आमी सगळेच उरलेलं हितंच मारतो, पंप बी हितंच धुतो. आठ दिस झालं तरी माका हिरवाच हुता. मला वाटलं, लागलंच न्हाई त्याला. म्हनून घरी बोललो बी न्हाई."

रूथबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. ते बघून माझाच जीव तुटला.

आणि चेअरमन काय म्हणाले असतील? "ऐकलं ना मॅडम? यांच्याच मानसानं केलं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कोणाच्या पंपातलं, अण्णा? कोणाच्या सांगण्यावरून?" मी ओरडले. "एक गाय मेलीय तिथे! निदान आत्ता तरी गप्प बसा!" सरकारी माणसाने असं बोलू नये. मी बोलले, आणि मला त्याचं अजूनही काही वाटत नाही.

परत गोठ्यात आले तर माझ्या वरच्या साहेबांचा फोन. चेअरमननी तोवर त्यांना लावला होता.

"मॅडम, अहवालात रानटी वनस्पतीची विषबाधा, एवढं लिहा आणि मोकळ्या व्हा. तणनाशक-बिनाशक आणू नका मध्ये. गावात वाद होतात."

"सर, वाद नको म्हणून गाईचं रक्त लाल होत नाही."

"तुम्ही फार ताणता."

"तणनाशक मारलेला माका, असंच लिहिणार. तुम्हाला बदलायचं असेल तर तुमच्या सहीने बदला."

त्यांनी फोन ठेवला. सही कोणीच केली नाही, माझं लिहिलेलं तसंच राहिलं. वर गेलं आणि कुठल्यातरी फायलीत झोपलं.

गाय वाचली. पण पोटातलं वासरू नाही वाचलं. पुढच्या आठवड्यात ती गाभडली. नायट्रेटमध्ये हे होतं, मी रूथबाईंना आधी सांगून ठेवलं होतं. सांगून ठेवलं म्हणून दुःख कमी होतं थोडंच? गाय भाकड राहिली. त्या घरचा दुधाचा कॅन कितीतरी महिने डेअरीत गेला नाही.

आणि पाटाच्या कडेला मोठा फलक लागला: 'सावधान! माका विषारी आहे. तोडू नये.' खाली डेअरीचं नाव, चेअरमनचा फोटो. फलकाचे खड्डे खणायला निरोप कोणाला गेला? शांतवनला! ते गेले नाहीत. "खड्डा तेवढा मी न्हाई खननार," एवढंच म्हणाले. तेव्हापासून अण्णांच्या उसातली फवारणी दुसऱ्याला मिळते, आणि उरलेलं औषध अजून तिथेच मारलं जातं.

मी एक शिकले. विषबाधेची केस आली की जनावराने काय खाल्लं, हे मी नंतर विचारते. आधी विचारते, गेल्या पंधरवड्यात पंप कुठे धुतलात? गोठ्यातलं कोणीतरी पाटाकडे बघायला लागतं. मग मी निळं इंजेक्शन बाहेर काढते.