धम्मप्रियाच्या हातून लागलेलं लग्न

मंगल कार्यालयाची मॅनेजर म्हणून माझं अर्धं आयुष्य लोकांच्या लग्नात गेलं आणि त्यातलं बरंचसं ओरडण्यात. आचाऱ्यावर ओरडा, मांडववाल्यावर ओरडा, नवरदेव घोड्यावरून उतरत नाही म्हणून त्याच्या मामावर ओरडा. सोलापुरात मला राजश्रीबाई म्हणून ओळखणारे कमी आणि ‘ती तापट बाई’ म्हणून ओळखणारे जास्त. माझी काही तक्रार नाही. पण मी मनापासून ओरडले आणि समोरचं माणूस मनापासून हसलं, असं माणूस एकच भेटलं. ते म्हणजे धम्मप्रिया.

आमचं कार्यालय विजापूर रोडला. मधे हिरवळ, अलीकडे एक हॉल, पलीकडे दुसरा. रुद्रप्पा मालकांनी दोन्ही हॉल हुबेहूब सारखे बांधलेत. तीच फरशी, तीच झुंबरं, स्टेजमागं तोच मोर. आपल्याकडची माणसं जेवण झालं की शेजारच्या लग्नात डोकावतात आणि तिथं काही जास्तीचं दिसलं की आपल्या यजमानाचं डोकं खातात. पूर्वी आमच्या दोन झुंबरांत जरासा फरक होता. तेवढ्यावरून एका वरमाईनं भरलेलं ताट परत पाठवलं होतं. तेव्हापासून मालकांनी हट्टच धरला, एका हॉलात जे असेल तेच दुसऱ्यात पाहिजे, टाचणीचाही फरक नको.

मग मालकांना वाटलं, दोन्ही हॉल आता ऑफिसात बसून चालवता आले पाहिजेत. दिवे, पंखे, एसी, पडदे, सनई, सगळं. या कामासाठी धम्मप्रिया आली. सलवार-कमीज, पायात बूट, ओढणी कमरेला गच्च आवळलेली आणि शिडीवर चढताना तोंडात स्क्रू. पुण्याच्या एका कंपनीत तिनं मोठमोठ्या इमारतींत हेच काम केलेलं. आई वारली, वडील एकटे पडले, तशी नोकरी सोडून घरी आली. इथंच स्वतःचा धंदा करायचा म्हणाली. आमची पोरं पुण्याला जायला टपलेली असतात, आणि ही तिकडून उलटी आलेली. मला तर आधी संशयच आला, की हिला कामावरून काढलं असेल. तसं मी तोंडावर विचारलंही.

“काढलं न्हाय हो ताई,” ती हसून म्हणाली, “उलट परत बोलवायलेत. महिनाअखेरीला सांगायचंय, येते का न्हाय ते.”

तिचे वडील त्रिंबकराव महापालिकेच्या पाणीपुरवठ्यातून रिटायर झालेले. रोज भर उन्हात स्कूटरवरून तिचा डबा घेऊन यायचे. भाकरी, शेंगाची चटणी, कधी वांगं. ती जेवेपर्यंत शेजारी उभे राहायचे आणि एकच विषय काढायचे.

“पुण्याच्या कंपनीत कॅन्टीन असतं. गारेगार एसीत बसून जेवायचं. हितं काय हाय? हितं कोन देनार तुला रोजचं काम?”

“आबा, ऊन केवढं हाय. उद्यापासून येऊ नका.”

“येत न्हाय,” म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी हजर.

त्यांचंही चुकत नव्हतं. एका कार्यालयाच्या कामावर कुणाचा संसार चालत नाही. पण मालकांनी तिला शब्द दिला होता, की ही लग्नसराई सुरळीत गेली तर त्यांच्या होटगी रोडच्या लॉजचं काम तिला आणि लॉजमागं उठणाऱ्या नव्या इमारतीचंही. तेवढं मिळालं की तिला सोलापूर सोडायची गरज नव्हती. नाही मिळालं तर पुणं. आणि पोरीला पुण्याला जायचं नव्हतं, हे माझ्यासारख्या जाड कातडीच्या बाईलाही कळत होतं.

तिनं मला काम समजावून सांगितलं होतं, मी विचारलं नसताना. एक हिरवी बारीक वायर हॉलभर फिरते. स्विच, पंखे, दिवे, सगळे त्याच वायरला जोडलेले. बटण दाबलं की वायरीवर नंबर पुकारला जातो आणि ज्याचा तो नंबर असेल तो दिवा पेटतो. दोन हॉलच्या दोन स्वतंत्र वायरी. त्या एकत्र आणायला तिनं प्रत्येक हॉलात एक डबी बसवली आणि दोन्ही डब्या आमच्या ऑफिसातल्या नेटवर्कला जोडल्या, ज्याच्यावर आमचा कॉम्प्युटर चालतो त्याच.

त्यात तिनं लग्नकार्याची बटणं केली. ‘अक्षता’ दाबलं की पंखे थांबायचे, कारण तांदूळ उडतात. मागचे दिवे मंद, स्टेज लख्ख, सनई सुरू आणि छतातल्या पेटीतून झेंडूच्या पाकळ्या. ‘जेवण’ दाबलं की दिवे पूर्ण आणि पंखे जोरात. पहिल्या हॉलात तिनं बटण दाबून दाखवलं तेव्हा मी लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवल्या. मग हिरवळ ओलांडून दुसऱ्या हॉलात गेलो, तिथंही पाकळ्या पडल्या, तिथंही टाळ्या वाजवल्या. मालक खूश. “जसंच्या तसं केलीस की,” म्हणाले.

आणि मे महिन्यातला तो शनिवार उजाडला. पहिल्या हॉलात बार्शीच्या एका व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न. दुसऱ्यात साखरपुडा. मुलगा भारत, मंगळवेढ्याकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातला, बँकेत लागलेला. मुलगी प्रियंका, मंद्रूपची, दवाखान्यात नर्स. लग्नाकडे मी आणि साखरपुड्याकडे माझा मदतनीस दिपक.

मुहूर्त आला. अंतरपाट धरला, भटजींनी सूर लावला आणि मी ऐटीत ‘अक्षता’ दाबलं. पंखे थांबले, सनई वाजली, पाकळ्या पडायला लागल्या. बायकांच्या तोंडून “अगं बाई!” निघालं. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

पहिलं मंगलाष्टक संपायच्या आत सगळे पंखे एकदम जोरात सुरू झाले. अंतरपाट उडून भटजींच्या डोक्यावर बसला. मूठभर तांदूळ व्हिडिओवाल्याच्या डोळ्यांत. मी दात खाऊन पुन्हा ‘अक्षता’ दाबलं. पुन्हा सनई, पुन्हा फुलं. जरा वेळानं पुन्हा वारा. मी पुन्हा दाबलं. तेवढ्यात दिपकचा फोन.

“बाई, हितले पंखे सारखे बंद पडायलेत! मान्सं घामानं भिजल्यात! मी ‘जेवण’ दाबायलोय, तर परत बंद व्हायलेत!”

“तू दाबू नकोस, मेल्या!” मी मंगलाष्टकापेक्षा मोठ्यानं ओरडले.

धम्मप्रिया हॉललगतच्या ऑफिसात होती. तिनं माझं फोनवरचं ओरडणं अर्धंच ऐकलं आणि भिंतीवरच्या पेटीतून दोन हॉल जोडणारी वायर उपटली. तत्क्षणी दोन्ही हॉल आपापल्या जागी शांत झाले. आमच्या हॉलात राहिलेली मंगलाष्टकं मंद दिव्यात, बिनवाऱ्याची, छान पार पडली.

मालक मात्र लाल. “काडून टाक सगळं! पैल्यासारकं बटनाचं बोर्ड बसव! लॉजचं नाव काडू नको आता!” मालक चिडले की त्यांच्या बोलण्यात कानडी हेल येतो.

धम्मप्रिया हटली नाही. “मालक, चूक माझीच हाय. तुमी म्हणला जसंच्या तसं, म्हणून मी पहिल्या हॉलचे सगळे नंबर जसेच्या तसे दुसऱ्यात टाकले. दोन वायरी येगळ्या होत्या तोवर काय बिघडत नव्हतं. दोन शाळांत दोन सिद्धाराम असले तर काय बिघडतं? मी दोन्ही शाळा एका वर्गात आणून बसवल्या. आता गुरुजींनी सिद्धाराम म्हटलं की दोघंबी उठायलेत.”

“आनि तपासलीस तेव्हा?”

“ज्या हॉलात होतो, तेवढाच बघितला. पलीकडं काय चाललंय ते बघितलंच न्हाय. गेलो तवा खाली पाकळ्या दिसल्या, त्या पेटी भरताना सांडल्या असतील असं वाटलं.”

टाळ्या वाजवायला मीही होते, म्हणून मी गप्प बसले. मी गप्प बसण्याची कार्यालयाच्या इतिहासातली ती पहिलीच वेळ असावी.

इतक्यात पलीकडून मोठा गलका ऐकू आला. भांडण जुंपलं असणार, साखरपुडा मोडला असणार, म्हणून आम्ही सगळे हिरवळीतून पळत सुटलो. धम्मप्रिया तर रडायच्या बेताला आलेली.

दुसऱ्या हॉलात स्टेजभर झेंडूचा सडा पडला होता. त्यात मधोमध मुलाची आजी, फुलाबाई, कमरेवर हात ठेवून उभी. समोर दोन्हीकडची वडीलमंडळी मान खाली घालून.

“अंगठी घातली अन् सनई वाजली,” फुलाबाई सांगत होती, “वारं थांबलं, वरनं फुलं पडली. एकदा न्हाय, तीनदा. आता देवानं आनि किती येळा सांगायचं? दिवाळीनंतर, दिवाळीनंतर काय लावलंय? लावा लगीन!”

साखरपुड्यातच लग्न उरकणं आमच्याकडे काही नवं नाही. अर्ध्या साखरपुड्यांना लोक अक्षता पडतील या हिशोबानंच येतात. इथं फक्त मुलीचा मामा अडून बसला होता, त्याला थाटामाटाचं लग्न हवं होतं. त्याच्याही टोपीवर पाकळ्या साचल्या होत्या, आणि आता सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता.

“पोरीला तरी इचारा,” तो म्हणाला.

प्रियंकानं भारतकडे पाहिलं. तो लाजेनं घामाघूम. “मला साडी बदलायला जरा वेळ द्या,” ती म्हणाली, आणि हॉलचं छप्पर उडेल एवढ्या शिट्ट्या झाल्या.

धम्मप्रियाला राहवलं नाही. ती पुढं झाली. “आजी, देवानं न्हाय केलं हे. माझ्या कामात चूक झाली, म्हणून फुलं पडली.”

मी मनात म्हटलं, झालं, घातलं पोरीनं पाण्यात. फुलाबाईनं तिला खालून वर बघितलं.

“तुझ्या हातनं झालं म्हन की मग,” म्हणाली आणि तिच्या कपाळाला कुंकू लावून हातात पेढा ठेवला. “हात चांगला हाय तुझा.”

काळे मणी आणायला दोन मोटारसायकली बाजारात पळाल्या. पहिल्या हॉलचे भटजी घाम पुसत होते, त्यांना तसंच हिरवळीतून पलीकडे आणलं. धम्मप्रियानं स्टेजजवळच्या बोर्डावरून स्वतः ‘अक्षता’ दाबलं. वायर उपटलेली असल्यामुळं या खेपेला फक्त तोच हॉल सजला. मी बोहल्यावरच्या त्या दोघांकडे बघत उभी राहिले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका लग्नात काहीही न ओरडता नुसती रडले.

वऱ्हाड पांगल्यावर तिनं लॅपटॉप उघडला आणि दुसऱ्या हॉलचा एकेक दिवा, एकेक पंखा नव्या नंबरवर नेला. बाहेरून काही फरक नाही, झुंबरं तीच, मोर तोच. संध्याकाळी पहिल्या हॉलात रिसेप्शन होतं. त्याआधी तिनं वायर परत जोडली. या वेळी मी पहिल्या हॉलात आणि दुसऱ्यात, दुपारच्या गडबडीत राहिलेला रिकामा डबा न्यायला आलेले त्रिंबकराव. तिघं एका फोनवर.

तिनं पहिल्या हॉलचं बटण दाबलं. माझी झुंबरं लखलखली. “आबा, तुमच्याकडं?”

मग त्रिंबकराव हिरवळीपलीकडून, फोन सोडून, तोंडानंच ओरडले, “न्हाय पेटला! धम्मे, हितं कायबी पेटलं न्हाय!”

अंधारात उभं राहून दिवा पेटला नाही म्हणून एवढं आनंदलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं. प्रत्येक बटणाला ते तसंच ओरडत होते. मालक ऑफिसच्या दारात उभे राहून ऐकत होते. फुलाबाईनं दिलेल्या पेढ्यांचा पुडा त्यांच्या काखेत होता. दुपारपासून ते येणाऱ्याजाणाऱ्याला, माझ्या हॉलनं लग्न लावलं, असं सांगत सुटले होते.

“लॉज बघायला सोमवारी येतीस का मंगळवारी?” त्यांनी विचारलं. माफी नाही, कौतुक नाही, एवढंच.

“सोमवारी,” ती म्हणाली.

तिनं तिथंच पायरीवर बसून पुण्याच्या साहेबांना फोन लावला. मी येत नाही, मला इथं काम आहे, असं साधं सरळ सांगितलं आणि आभार मानले. त्रिंबकराव स्कूटरला किल्ली लावून उभे होते. सगळं ऐकत होते.

“चूक करायलीस,” ते म्हणाले. “चांगली नोकरी होती.”

“व्हय आबा.”

त्यांनी डबा पिशवीत ठेवला, परत बाहेर काढला, झाकण घट्ट आहे का बघितलं, पुन्हा ठेवला.

“मग आज जेवायला घरी हायस?”

“हाय की.”

“अन् उद्या?”

“उद्याबी.”

“मग दोघांचं पीठ मळतो,” ते म्हणाले, आणि तोंड फिरवून स्कूटरला किक मारायला लागले. स्कूटर आधीच चालू होती.