अक्काचं राखलेलं बोलणं

अक्काला फिट आली की कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतली आमची निम्मी गल्ली दारात गोळा व्हायची. कुणी कांदा फोडून नाकाशी धरायचं, कुणी चप्पल. त्या चपलेची मला भयंकर चीड यायची. माझी थोरली बहीण फेस येऊन पडलेली, आणि हे लोक तिला पायताण हुंगवणार!

सत्तरच्या दशकाच्या शेवटी वडील आम्हा दोघींना घेऊन मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात गेले. फिटांचं मूळ मेंदूच्या उजव्या बाजूला निघालं. तेवढा भाग कापला तर फिटा थांबतील, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, मुलगी डावखुरी आहे का?

“छ्या! उजव्या हातानंच जेवती की. डावखुरं न्हाय आमच्यात कुणी,” वडिलांनी ठणकावलं.

उजव्या हाताच्या माणसांचं बोलणं बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, म्हणजे उजवीकडे कापायला हरकत नाही. तरी खात्रीसाठी डॉक्टरांनी औषध देऊन मेंदूची उजवी बाजू काही मिनिटं झोपवली. नंतर बाहेर येऊन त्यांनी काय झालं ते सांगितलं. अक्काचा वर धरलेला डावा हात खाली पडला, ते ठरल्याप्रमाणेच, कारण डावं अंग मेंदूची उजवी बाजू चालवते; पण तिचं बोलणंही बंद झालं. कंगवा दाखवला, किल्ली दाखवली. ती नुसती बघत राहिली. औषध उतरल्यावर काय दाखवलं होतं तेही तिला आठवेना.

तेव्हा कुठे वडिलांनी तोंड उघडलं. लहानपणी ती डाव्या हातानं जेवायची. पोरीच्या जातीला शोभत नाही म्हणून त्यांनी तो हात फडक्यानं कमरेशी बांधून तिला ताटावर बसवलं होतं. वळण लागेपर्यंत रोज.

“बांधून हात बदलला, मेंदू नाही बदलत,” डॉक्टर म्हणाले. बोलणं आणि आठवण, दोन्ही तिच्या दुखऱ्या बाजूलाच होती. कापलं असतं तर फिटांबरोबर ही दोन्हीही गेली असती. ऑपरेशन नाही म्हणजे नाही.

“कापा,” तोवर बाहेर आणलेली अक्का म्हणाली. “बोलून कुणाला काय सांगायचं हाय मला?”

“गप. खुळी हाईस काय?” वडील ओरडले, आणि तिथंच रडायला लागले.

कोल्हापुरात परत तेच. गोळ्या, फिटा, कांदा. तिच्या लग्नाचं नाव कुणी काढेना. पोरीचं बोलणं तरी राखलं, असं वडील येईल त्या पाहुण्याला सांगत. अक्का आतच बसलेली असायची. हाक मारली तर मान हलवायची, तेवढंच.