पाठकोऱ्या बाजूचे कार्यक्रम

"आता जरा कागद उलटा करा," करंदीकर साहेब माइकवर म्हणाले. "मागच्या बाजूलाही कार्यक्रम आहेत."

सगळ्या हॉलने कागद उलटा केला. मीही केला.

संक्रांतीचा तिळगूळ होता. लक्ष्मीबाई नगरातला हॉल, काळ्या साड्या, त्यांच्यावर शाली, कारण दिल्लीच्या जानेवारीत नुसत्या साडीत बसायची कुणाची हिंमत आहे? शेजारी आई. तिच्या हातात तिळाची वडी, नुकतीच तोंडाला लावलेली. माझ्या हातात मंडळाचं महिन्याचं पत्रक. पुढे मंडळाचे कार्यक्रम: भावगीतं, मुलांचा मराठी वर्ग, हळदीकुंकू. मागे आमचे.

दोन्ही बाजूंना अक्षर माझंच.

साहेबांनी चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"'पहिला रविवार, दुपारी तीन. चहा. ज्यांना नाचायचंय त्यांनी नाचावं, बाकीच्यांनी भजी तळावीत.'"

लोक हसले. अजून कुणाला काही कळलं नव्हतं.

"'दुसरा रविवार. घरी कसं सांगायचं, की सांगायचंच नाही, यावर बोलू. रडायला परवानगी आहे.'"

थोडं कमी हसले.

"'तिसरा रविवार. एक वकीलबाई येणार आहेत. दोन बायकांनी मिळून घर भाड्याने घेतलं तर काय काय विचारलं जातं, ते सांगतील.'" मग साहेब थांबले. पाणी प्यायले. "'सूचना. समलिंगी मैत्रिणींनी नवीन मैत्रीण आणायची असेल तर आधी फोन करावा. नवीन मुलीला एकटं बसवू नये.'"

'समलिंगी' हा शब्द त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सोडवून उच्चारला. मग मागून कुणीतरी पुरुष म्हणाला, "अरे यार!" आणि हॉल फुटला. बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. काही जणी हसत नव्हत्या, त्या मुलींच्या हातातून कागद काढून घेत होत्या.

"अक्षर ओळखीचं वाटतंय ना?" साहेब म्हणाले. "नऊ वर्षं आपण हेच वाचतोय." आणि माझ्याकडे वळून, अगदी गोड आवाजात, "काय हो, तुमचंच ना हे?"

मी उभी राहिले. का उभी राहिले कोण जाणे. ऑफिसची सवय. साहेबाने विचारलं की उभं राहायचं.

"माझं नाही," मी म्हणाले.

हे आधी लिहून टाकते. नंतर मी काय केलं ते मोठं वाटायला नको. भरल्या हॉलमध्ये मी माझं अक्षर नाकारलं. आईने वडी पदरात बांधली, मला म्हणाली, "चल," आणि आम्ही सगळ्यांच्या गुडघ्यांना घासत ओळीतून बाहेर पडलो. तिळगूळ घ्या, गोड बोला. दारात एक बाई हे म्हणणारच होती, मला बघून तिने ताट मागे घेतलं.

आता हे झालं कसं ते सांगते.

मी एका मंत्रालयात असिस्टंट. करंदीकर उपसचिव, दुसऱ्या मंत्रालयात, आणि मंडळाचे अध्यक्ष. मंडळात सगळे सारखे असं साहेब दर भाषणात म्हणायचे, पण खुर्च्यांच्या ओळी हुद्द्याप्रमाणे लागायच्या. आम्ही सातव्या ओळीत. माझं अक्षर चांगलं म्हणून पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मान नव्हता हो तो. काम होतं. पण मला त्यात सुख वाटायचं, हेही खोटं का बोलू.

दुसरं पत्रक मी रूथसाठी लिहायची. रूथ फरीदाबादची, शाळेत शिकवायची. वडील कारखान्यात नोकरीला म्हणून नगरहून आलेले, मराठी ख्रिश्चन. आमचं सहा वर्षांचं होतं. 'आमचं' म्हणजे काय ते आता सगळ्या लक्ष्मीबाई नगराला माहीत आहे, मी पुन्हा काय सांगू. रूथच्या घरावर एक खोली होती. तिथे आम्ही बाराएक जणी महिन्यातून तीन रविवार जमायचो. नर्स, टायपिस्ट, एक बँकेतली, दोन लग्न झालेल्या. सबंध दिल्लीत, गाझियाबादपासून गुडगावपर्यंत, या बायकांना चप्पल काढून बसता येईल अशी जागा म्हणून तेवढी एक खोली. रूथच्या वडिलांना वाटायचं वर शिवणाचा क्लास चालतो. जिन्यात एक मशीनही ठेवलं होतं.

पत्रकात पत्ता कधीच लिहायचा नाही, हा आमचा नियम. नुसता रूथचा फोन नंबर. मंगळवारी संध्याकाळी सहा ते सात. फोन करणारीने म्हणायचं, "शिवणाच्या क्लासचं विचारायचं होतं." रूथ आवाज ऐकायची, चार प्रश्न विचारायची, खात्री पटली की मग पत्ता सांगायची. कायदा आमच्या बाजूचा नाही. शेजारीही नाहीत. घरचे तर नाहीतच. ही एवढी एक कडी आम्ही दाराला लावली होती.

ती मी काढली. पाठकोऱ्या कागदाने.

आमच्या घरात एका बाजूने वापरलेला कागद फेकत नाहीत. वडिलांची शिस्त. ते गेले, शिस्त राहिली. मी ऑफिसातून रद्दी झालेले टाईप केलेले कागद आणायची, आई त्यांच्या कडा जुळवून, टाचणी मारून वही करायची. दूधवाला, किराणा, पत्रांचे मसुदे, सगळं पाठकोऱ्यावर. त्या महिन्यात माझ्या कपाटातून पडलेला आमच्या पत्रकाचा मसुदा आईने उचलला आणि न वाचता वहीत लावला. कोरी बाजू वर. मी त्याच कोऱ्या बाजूवर मंडळाचं पत्रक लिहिलं. सुंदर लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत कस्तुरबा गांधी मार्गाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे दिलं. त्याने दोन्ही बाजू लिहिलेल्या पाहिल्या, दोन्ही काढल्या. तो बिचारा आपलं काम चोख करत होता. गठ्ठा नेहमीप्रमाणे साहेबांचा ड्रायव्हर घेऊन गेला. मी परत पाहिलाही नाही.

म्हणजे दीडेकशे घरांत रूथचा नंबर गेला.

त्याच संध्याकाळपासून तिच्याकडे फोन सुरू झाले. सगळे पुरुष. "शिवणाचा क्लास आहे का?" असं विचारायचे आणि मागे हसणं. काही मराठीत, काही हिंदीत. मराठीतले जास्त घाण. तिसरा की चौथा फोन वडिलांनी उचलला. त्यांनी सगळा ऐकून घेतला, रिसीव्हर ठेवला, जिन्यातलं मशीन उचलून रस्त्यावर नेऊन ठेवलं आणि वरच्या खोलीला कुलूप घातलं.

हे मला रूथने ऑफिसात फोन करून सांगितलं. मी रडत होते, हॉलमधलं सगळं सांगत होते, माफी मागत होते. शेजारच्या टेबलावरचा माणूस फाइलमध्ये बघत कान देऊन बसला होता.

"नंबर गेला ती चूक झाली," रूथ म्हणाली. "चूक कुणाचीही होते. पण तू अक्षर नाकारलंस? खरंच?"

"सगळे बघत होते गं."

"बिल्कुल. सगळेच बघत असतात." मग म्हणाली, "तू म्हणालीस माझं नाही. मग ते कुणाचं राहिलं? माझं एकटीचं."

फोन ठेवला. त्यानंतर तिचा आवाज मी ऐकलेला नाही.

गुरुवारी करंदीकर आमच्या घरी आले. काकूंना घेऊन. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आईची धावपळ बघवत नव्हती. चांगले कप काढ, पोहे कर, खुर्चीवर चादर टाक. ज्या माणसाने हिच्या मुलीचे कपडे माइकवरून उतरवले, त्याला ही विचारत होती, साखर पुरेशी आहे ना?

"हे बघा, झालं ते झालं," साहेब म्हणाले. "आम्हाला तुमचं वाईट करायचं नाहीये. मंडळाचं नाव आहे, तुमची सरकारी नोकरी आहे, हा क्वार्टर आहे. कुणी वर एक अर्ज टाकला तर? मी एक मजकूर आणलाय. तुम्ही फक्त सही करा."

टाईप केलेला कागद. फरीदाबादच्या अमुक एका बाईने, पुढे रूथचं संपूर्ण नाव, शाळेच्या नावासकट, माझ्या अक्षराची नक्कल करून हा मजकूर पत्रकात घुसवला. माझा तिच्याशी काही संबंध नाही. हे सगळं त्यांनी शोधून काढलं होतं. नंबरावरून.

"एक सही तर आहे," आई म्हणाली. "कर ना गं मेलं. संपवून टाक."

आणि मी पेन घेतलं. घेतलं होतं, हेही लिहिते. हातात पेन, समोर कागद, तिघांचे डोळे माझ्या बोटांवर. नोकरी, क्वार्टर, म्हातारी आई. रूथ तर गेलीच होती. तिचं अजून काय बिघडणार, असंही एक क्षण मनात आलं. लाज वाटते लिहायला. पण आलं.

तेवढ्यात काकू सहानुभूतीने म्हणाल्या, "अगं, यांनाही फार त्रास झाला. मागच्या गुरुवारी गठ्ठा आला ना घरी, तेव्हाच यांनी वाचलं. तीन दिवस जेवणावर वासना नव्हती."

मी पेन थांबवलं.

गुरुवार. समारंभ रविवारी होता. तीन दिवस गठ्ठा त्यांच्या दिवाणखान्यात पडलेला. त्यांनी वाचला होता. एक फोन करून मला बोलवता आलं असतं. गठ्ठा चुलीत घालता आला असता. मागच्या बाजूवर शाई फासता आली असती. त्या माणसाने तीन दिवस विचार केला आणि माइक लावून घेतला. रूथचा नंबर कागदावर आहे हे त्याला माहीत होतं. चूक माझी होती, पण ती घराघरात पोचवली त्याने. आणि मी पाच दिवस स्वतःलाच शिव्या देत बसले होते.

"तुम्ही गुरुवारी वाचलंत?" मी विचारलं.

साहेबांनी कप खाली ठेवला. "मुद्दा तो नाहीये."

"मुद्दा तोच आहे."

"आवाज खाली करा."

"माझं घर आहे," मी म्हणाले. "अक्षर माझं आहे. पुढचं माझं, मागचंही माझं. सही होणार नाही."

साहेब उठले. दारात म्हणाले, "तुम्हाला वाटतं तुमच्या मागे कुणी उभं राहील?"

नाही. नाही वाटत. तेव्हाही नव्हतं वाटलं.

या गोष्टीला आठ महिने झाले. कुणाला वाटत असेल की मी नाही म्हणाले आणि काहीतरी बदललं, तर त्यांच्यासाठी सांगते. अर्ज गेला. कुणी टाकला माहीत नाही, म्हणजे माहीत आहे. मेमो आला, वर्तणुकीबद्दल खुलासा द्या. दिला. दुसरा आला. फाइल फिरतेय, क्वार्टर कधीही काढून घेतील. रूथला भाऊ नगरला घेऊन गेला. तिथल्या पत्त्यावर मी चार पत्रं पाठवली, त्यांत लिहिलं की मी सही केली नाही. चारही परत आली, न फोडलेली. तिला हे कधी कळणार नाही. आई माझ्याशी कामापुरतं बोलते. बाराएक जणींपैकी एक बदली घेऊन गेली, एकीचं लग्न ठरलं, बँकेतली रस्त्यात दिसली तर समोरच्या फुटपाथवर गेली. मी तिला दोष देत नाही. मीही गेले असते.

एप्रिलपासून मी पत्रक पुन्हा लिहायला लागले. खोली नाही म्हणून आमच्याच घराचा पत्ता टाकला. कार्बन लावून बारा प्रती, जुन्या पत्त्यांवर. रविवारी तीनला चहा. आई त्या वेळी देवळात जाऊन बसते. मी भज्यांचं पीठ भिजवते, दार उघडं ठेवते, बसते. कुणी येत नाही. जूनमध्ये एकदा जिन्यात पावलं वाजली. दुसऱ्या मजल्यापर्यंत आली. समोरच्या बाईंनी दार उघडून विचारलं, "किससे मिलना है?" आणि पावलं खाली गेली. मी धावत कठड्याशी गेले तर नुसती एक पिवळी ओढणी दिसली, वळणावर. कोण होती, माहीत नाही. पीठ मी रात्रीच्या आमटीत सोडलं.

आज ऑक्टोबरचं पत्रक लिहून झालं. या खेपेला बारा प्रती नाहीत. मंडळाच्या यादीतले सगळे पत्ते मला अजून पाठ आहेत, नऊ वर्षं मीच लिहीत होते. प्रत्येक घरी एक जाणार. करंदीकरांच्या घरी पहिली. त्यातल्या एखाद्या घरात कुणाला हवी असेल, नसेल. नसेलच बहुतेक. मेमो तिसरा येईल, तो येऊ दे. त्या माणसाने माझे कार्यक्रम मला न विचारता वाटले. आता वाटायचे तर मी वाटीन.

पहिला रविवार, दुपारी तीन. चहा. ज्यांना नाचायचंय त्यांनी नाचावं, बाकीच्यांनी भजी तळावीत. समलिंगी मैत्रिणींची बैठक, दर महिन्याला. आधी फोन करायची गरज नाही. पुढे ब्लॉक, क्वार्टर नंबर, मजला, आणि माझं पूर्ण नाव. कागद नवा, कोरा करकरीत, आयुष्यात पहिल्यांदा दुकानातून रीम विकत आणली. मागच्या बाजूला काहीही नाही.

आणि सगळ्यात खाली, एका ओळीत: हे अक्षर माझं आहे.