काजळी लावलेलं इंजिन

रशीदमामा गेल्याचं मला एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. दौंड-शिरूरचे निरोप, औषधं आणि भांडणं तोच पोहोचवतो. "मास्तर, तुमचं मामा काल दुपारी गेलं," एवढं म्हणून त्यानं घंटी ओढली. मी दौंडला पोहोचलो तेव्हा दफनही उरकलं होतं. त्याला आता सहा आठवडे झाले.

मी दौंडच्या शाळेत शिकवायला होतो तेव्हा मामा माझे शेजारी. रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये फिटर. ते निवृत्त झाले त्याच सुमारास त्यांच्या हाताखालचं एक छोटं, जुनं इंजिनही निवृत्त झालं. तेव्हाच्या साहेबांनी त्यावर पत्रे घातले, 'संग्रहालय' अशी पाटी लावली आणि उद्घाटनाला तीन भाषणं करवली. संग्रहात वस्तू एकच, पाटी मात्र दोन भाषांत. पुढे साहेब बदलले. बघायला कुणी येत नाही, तेव्हा भंगारात काढू, असं नवे साहेब म्हणू लागले. मामा तरीही रोज सकाळी जाऊन इंजिन पुसत. नोकरी संपली होती, सवय संपली नव्हती.

अशात सिनेमावाले आले. गोष्ट जुन्या काळातली, नायिकेची पाठवणी आगगाडीतून. शूटिंग नीट पार पडलं तर इंजिन ठेवू, असा साहेबांनी मामांना शब्द दिला. मामांनी चार दिवस राख आणि चिंच लावून पितळ घासलं. शेडची रीतच तशी... मळकं इंजिन बाहेर गेलं, तर नाव फिटरचं जायचं.

पाचव्या दिवशी दिग्दर्शक आले, फिरून बघितलं आणि म्हणाले, "चाचा, ये तो नया लगता है."

"साहेब, माझ्या बापाच्या वयाचं हाय ह्ये."

"दिखना भी तो चाहिए."

एक माणूस तेलात कालवलेल्या काजळीची बादली घेऊन पुढे झाला. मामांनी ती त्याच्या हातून काढून घेतली. आता ही कुणाच्या तरी अंगावर जाते, असं मला वाटलं. पण त्यांनी स्वतःचाच हात आत बुडवला. "दुसऱ्याचा हात नगं," म्हणाले. चार दिवसांचं काम दहा मिनिटांत झाकलं गेलं. नंबराच्या पितळी पाटीपाशी हात जरा थांबला... मग तीही काळी केली.

इंजिन वाचलं. त्याबद्दल साहेबांचा सत्कार झाला. मामांना मागच्या रांगेत खुर्ची मिळाली.

वर्षभरानं तो सिनेमा शिरूरच्या तंबूत लागला. तोवर माझी बदली शिरूरला झाली होती. मामांच्या थोरल्या बहीण हलीमाबी तिथंच राहतात; मामा त्यांना आपा म्हणत. शिरूरला रेल्वे नाही, त्यामुळे भावानं जन्मभर काय केलं, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मामा मुद्दाम आले, आम्हा दोघांना घेऊन संध्याकाळच्या खेळाला बसले. इंजिन पडद्यावर फार तर मिनिटभर दिसलं. हलीमाबी माझ्याकडे वाकून, पण पलीकडे मामांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "मास्तर, माझा भाई तीस वर्षं ह्येच पुसत व्हता व्हय?"

मी खुलासा करणार होतो. मामांनी माझा हात दाबला. बाहेर पडताना म्हणाले, "इंजिन ऱ्हायलं, मास्तर. पर आपानं मळकं बघितलं."

"सिनेमा खोटाच असतो, मामा."

"आसंल. पर तिनं खरं कवा बघितलंय?"

पुढच्याच आठवड्यात त्यांनी बहिणीला एसटीनं दौंडला नेलं. परतल्यावर हलीमाबी मला म्हणाल्या, "तोंड दिसतंय त्यात. आन् त्येला काळं फासाय लावलं... येडी हाईत का ती मान्सं?" सिनेमावाल्यांचं याहून नेमकं परीक्षण मी वाचलेलं नाही.

परवा हलीमाबींना घेऊन मी दौंडला, त्या इंजिनापाशी गेलो. दोन भाषांतली पाटी शाबूत होती. इंजिनावर धूळ, कबुतरांची घाण, नंबराच्या पितळेवर हिरवट डाग. हलीमाबींनी धुळीतून एक बोट फिरवलं. "आता शिनेमावाल्यांना काजळी लागायची न्हाई," म्हणाल्या.

इंजिनात चढायच्या पायरीवर मामांचा पत्र्याचा डबा होता. आत चिंचेचा वाळका गोळा, राख आणि कापडाचा बोळा, मुठीत दाबून दाबून मुठीचाच आकार आलेला. हलीमाबींनी तो बोळा उचलून माझ्यापुढे धरला. "माझा हात पुरत न्हाई वर."

खडूपलीकडे मी जन्मात काही घासलेलं नाही. तरी पाय उंचावून पहिल्या आकड्यावर बोळा फिरवू लागलो. जरा वेळानं मागून आवाज आला.

"दाबून पुसा, मास्तर. भाई आसं वरवर पुसत न्हवता."