तोंडवलीला जाऊन सांगितलं ते

ऐंशीच्या दशकात मी मालवणकडच्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. तोंडवलीचा एक मासेमार तापाने दाखल झाला, तेव्हा त्याच्या बायकोने मला बजावलं होतं की त्याला पेनिसिलीन चालत नाही. गर्दीत ते केसपेपरवर लिहायचं मी विसरले आणि सकाळी मीच ते इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत तो गेला.

डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं, "हृदय बंद पडलं." मला म्हणाले, "तुम्ही गप्प राहा."

पाचव्या दिवशी रजा टाकून एसटीत बसले. वाटेत दोनदा उतरून परत फिरावंसं वाटलं.

त्याची बायको मागीलदारी बसली होती. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. "चूक माझी होती," म्हणाले. वाटलं, अंगावर येईल. तिने माझं मनगट घट्ट धरलं. "ह्या भायर मामांजींका सांगा. ते म्हणतत, मी पेज भरवलंय म्हणान त्यांचो झील गेलो."

बाहेर बसलेल्या सासऱ्यासमोर मी पुन्हा तेच सांगितलं, की त्यांचा मुलगा माझ्या चुकीने गेला. म्हातारा मला वाट्टेल ते बोलला. मी ऐकून घेतलं. मग सुनेकडे वळून म्हणाला, "तुका उगाच बोललंय गो." तेव्हा ती मोठ्याने रडली. शेवटच्या एसटीपर्यंत मी तिच्याजवळ बसून होते.

पुढे माझी चौकशी होऊन बदली झाली. तिच्या घरी मी पुन्हा गेले नाही, आणि ते का, हे मला अजून नीट सांगता येत नाही.