उद्याची भाकर

चूक ही गोष्ट सांगणाऱ्याचीच. बेकरीत चार गिऱ्हाइकं उभी, गल्ल्यावर मालक बसलेले, आणि या सांगणाऱ्याने मोठ्या आपुलकीने आतल्या दाराकडे तोंड करून विचारलं, "काका, बोटांची सूज उतरली का?"

काकांनी दोन्ही हात झटकन एप्रनमागे नेले. पंचेचाळीस वर्षं पीठ मळणाऱ्या माणसाने सहा महिने जपलेलं गुपित एका विचारपुशीत फुटलं. गिऱ्हाइकं गेल्यावर मालक म्हणाले, "हात दाखवा." काकांनी दाखवले. बोटांची पेरं आल्याच्या गड्ड्यासारखी सुजलेली.

"शनिवारपर्यंतच कामावर या," मालक म्हणाले. "तसंही पीठ मळायचं मशीन घ्यायचंच होतं."

काउंटरवरची जागा रिकामी होती. पाव मोजून द्यायला सुजलेली बोटंही चालतात. पण मालक ऐकणार एकाचंच, आणि तो म्हणजे काकांचा थोरला भाऊ. चर्चचे पाळक घडवणाऱ्या विद्यालयात ग्रीक शिकवून निवृत्त झालेला, म्हणून सगळे त्याला ग्रीकमास्तर म्हणत. मालक चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून त्याची प्रवचनं वहीत उतरवून घेत. हे ग्रीक कोणाच्या मजुरीवर शिकून झालं, हे त्या वहीत कुठे नव्हतं. धाकट्याने सातवीतून शाळा सोडली आणि परातीत हात घातला, तो हा असा बाहेर आला.

त्याच संध्याकाळी काका रोजच्यासारखा पाव घेऊन दादाकडे गेले. कामगाराला दिवसाला एक ताजा पाव मिळे. तो दादाला जाई, आणि काकांच्या घरी गल्ल्यामागे उरलेला कालचा.

"दादा, मालकांशी बोलशील? मला काउंटरवर घ्या म्हणून."

"बोलतो की. बस आधी." मास्तरांच्या मांडीवर कागदांचा भारा होता. बावीस वर्षं ते एकाच शब्दाच्या मागे होते. "एपिऊसिऑस. प्रभूच्या प्रार्थनेत, 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' या ओळीत, भाकरीच्या आधी येतो बघ. शुभवर्तमानांत दोनदा, दोन्हीकडे त्याच प्रार्थनेत, आणि बाहेर ग्रीकमध्ये जवळजवळ कुठेच नाही. जुन्या पंडितांना वाटलं, लिहिणाऱ्यांनी घडवलाच असावा. कुणी म्हणतं रोजची भाकर. कुणी म्हणतं जगायला लागेल तेवढीच. कुणी तर या जगापलीकडची, आत्म्याची. आणि कुणी म्हणतं उद्याची. पण उद्याची भाकर आज कशी मागायची? उद्याची चिंता करू नका म्हणणारा प्रभूच हे मागायला शिकवतो?"

"त्यात काय," काका म्हणाले. "उद्याच्या पावाचं पीठ आजच मळावं लागतं. खमीर घालून, ओलं फडकं टाकून ठेवायचं. आज नाही मळलं तर उद्या भट्टीत काय घालशील, तुझे कागद?"

मास्तर ताडकन उठले. "पुन्हा सांग." काकांनी सांगितलं, मास्तरांनी उतरवलं. मग म्हणाले, "ते फडकं रविवारपुरतं दे मला. लोकांना दाखवतो."

"दादा, शनिवारी शेवट आहे माझा."

"रविवारी उपासनेनंतर मालक भेटतीलच. एका दिवसाने काय बिघडतं?"

शनिवारी काकांनी एप्रन खुंटीला अडकवला. सामान मोजताना मास्तरांना दिलेलं फडकं कमी भरलं, तेव्हा काका उद्या आणतो म्हणाले.

रविवारी मास्तरांनी सभा जिंकली. फडकं हातात उंच धरून म्हणाले, "देवाचं राज्य यायचंय, पण त्याचं पीठ आज मळलं जातंय. झाकलेलं आहे, म्हणून दिसत नाही. उद्याची भाकर आज दे, म्हणजे येणाऱ्या राज्यातला घास आजच्या ताटात वाढ. आणि माझी नव्हे, आमची. हे मला एका साध्या मजुराने शिकवलं." मालकांनी डोळे पुसले. काका शेवटच्या बाकावर होते. त्यांच्या शेजारच्या बाईंनी त्यांच्याकडे पाहून विचारलं, "कोण हो तो मजूर?"

"असेल कुणीतरी," काका म्हणाले.

बाहेर पायऱ्यांवर मालकांनी मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला. काका तीन पावलांवर टोपी चुरगाळत उभे राहिले. भट्टीचा दृष्टांत, पुस्तक कधी निघतंय, वीस प्रती माझ्या नावावर लिहा, असं बराच वेळ चाललं. मास्तरांची नजर एकदा धाकट्यावर पडली. त्यांनी मान हलवली, म्हणजे आहे माझ्या लक्षात, आणि मालकांच्या गाडीत बसून चहाला गेले.

घरी काकू म्हणाल्या, "काय, बोलले का भाऊजी?"

"विषय निघाला नसेल."

"तासभर भाकरीवर बोलले आणि विषय निघाला नाही?"

जेवायला बसल्यावर काका प्रार्थना म्हणू लागले. भाकरीच्या ओळीपाशी येऊन थांबले. काकूंनी डोळे उघडून पाहिलं. काकांनी ती ओळ सोडली आणि पुढची, आम्ही इतरांना केलं तसं आमचंही ऋण माफ कर, ही म्हटली. तीही जरा घाईनेच.

मंगळवारी मास्तरांचा निरोप आला. दोन दिवस पाव आला नाही, तब्येत बरी आहे ना? काउंटरवर तोवर मालकांचा मेहुणा बसू लागला होता.

फडकं अजून मास्तरांकडेच आहे. घडी करून कागदांच्या टेबलाच्या एका पायाखाली घातलंय, ते डुगडुगतं म्हणून.