मच्छरदाणीतलं भोक

पन्नास सालानंतर काही वर्षं मी राधानगरीच्या पुढच्या रानात मोजणीच्या कामावर होतो आणि झाडांना टांगलेल्या झोळीत झोपत होतो. लढाई संपल्यावर लष्कराचं मोडीत निघालेलं सामान शाहूपुरीत विकायला यायचं, त्यात ती मिळाली. पातळ खाकी कापड आणि दोन्ही टोकांना दोर. जमीन ओली, वर जळवा आणि विंचू, त्यामुळे मी स्वतःच्या अकलेवर खूश होतो. सोबतचा मोजणीदार मात्र मला पाळण्यातलं बाळ म्हणायचा आणि अंगाई म्हणू का, असं रोज विचारायचा. त्याच्यावर चिडायचो, पण दिसत तसाच होतो.

झोळीवरची मच्छरदाणी आईनं हातानं शिवली होती. ती शिवताना तिच्या मनात काय चाललं असेल, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्याआधी तिला एक मुलगी झाली होती. झोळीत निजण्याच्या वयातच ती हिवतापानं गेली. तिच्या झोळीवरही आईनंच शिवलेली मच्छरदाणी असायची. पोर गेल्यावर आईला त्या जाळीत वाटाण्याएवढं भोक सापडलं. डास त्यातूनच शिरला, आपण वेळेवर टाका घातला नाही म्हणून पोर गेली, हे तिनं मनाशी पक्कं धरलं होतं. कुणी कितीही समजावलं तरी ती ऐकत नसे.

पावसाळ्यात माझी जाळी भिजून तोंडाला चिकटायची आणि वाळायचं नाव घ्यायची नाही. दिवाळीच्या तोंडावर मला थंडी वाजून ताप भरला. एसटीत हुडहुडी अशी की शेजारच्या म्हाताऱ्यानं आपलं कांबळं माझ्या अंगावर टाकलं. घरी आल्यावर आईनं मला हिवतापावरचं कडू कोयनेल दिलं आणि मच्छरदाणी घेऊन उन्हात बसली. बोट फिरवत तिनं सगळी जाळी तपासली. भोक सापडेना. मी म्हटलं, जाळी चांगलीच आहे.

"मग डास आला कुठनं?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

तिनं सगळी शिवण उसवली आणि पुन्हा दुहेरी टाक्यांनी शिवली.

थंडीत झोळीला खालून गारठा लागायचा, म्हणून मी आत घोंगडं अंथरलं. सबंध हिवाळा मला एक डास चावला नाही. खाली बाजेवर सोबती थपडा मारून हैराण, आणि मी आपला निवांत. आईच्या दुहेरी टाक्यांचाच हा गुण, असं मी तिला सांगितलं. तिला फार बरं वाटलं.

उन्हाळ्यात उकडायला लागलं तसं घोंगडं काढलं, आणि पुन्हा खाज सुरू. जाळी तीच, टाके तेच. आत एक डास दिसेना. तोंडावर, हातावर फोड नाही. मला वाटलं पित्त असेल, आमसूल लावून पाहिलं. सोबती म्हणाला ढेकूण, म्हणून झोळी उकळत्या पाण्यात घातली. काही उपयोग झाला नाही. आपल्यालाच काहीतरी झालंय की काय, अशी शंका यायला लागली.

शेवटी ओढ्यावर आंघोळ करताना सोबत्यानं माझी पाठ पाहिली. पाठ आणि मांड्यांची मागची बाजू गोवर उठल्यासारखी भरली होती. त्या दिवशी दिवेलागणीला मी झोळीत पडलो आणि तो कंदील घेऊन खाली वाकला. माझ्या वजनानं ताणलेल्या कापडाला खालून डास चिकटलेले होते आणि कापडातूनच मला चावत होते. इतकी साधी गोष्ट वर्षभर डोक्यात आली नव्हती. सोबती पोट धरून हसला. मीही हसलो, कारण आता आईला सांगता येणार होतं.

रजा मिळताच घरी गेलो. आई परसात शेंगा फोडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. तुझ्या जाळीला भोक नव्हतंच, ते खालून चावत होते. तिचा जीव हलका होईल असं मला वाटलं होतं. तिचे हात थांबले.

"तिच्या झोळीला माझं जुनं लुगडं बांधलं हुतं," ती म्हणाली. "विरलेलं. मऊ लागतंय म्हणून. खाली गोधडी घातली न्हवती."

घाईघाईनं मी म्हणालो, तसंच झालं असेल असं नाही, जाळीला भोक होतंच की, तिथूनही आला असेल. आयुष्यभर तिनं तेच म्हटलं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते खोडून काढलं होतं. आता मीच तिला ते पटवत होतो. दोन्हींतलं कोणतं खरं मानलं तर तिला कमी दुखेल, तेवढंच मला कळत नव्हतं.